खाटेखालच्या विटा

१

अंकुश घरत मेला तेव्हा त्याचे पाय वर होते आणि डोकं खाली.

संध्याकाळचे पाच वाजत आले होते. डॉक्टर सबनीस खोलीत शिरले, नाडी पाहिली, डोळ्यांत बॅटरी मारली, मग दोन पावलं मागे सरून खाटेकडे बघत राहिले. त्यांच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं: "याच्या पायाखाली विटा कुणी लावल्या?"

डॉक्टरांनी तेव्हा जीभ आवरली असती तर पुढचं बरंच टळलं असतं. पण ते वाक्य खोलीतल्या नातेवाइकांनी ऐकलं. तासाभरात अंकुशच्या गावाहून, नेऱ्याहून, दोन टेम्पो भरून माणसं पनवेलात उतरली आणि सबनीस नर्सिंग होमची एकही काच धड राहिली नाही. सकाळच्या पाळीची नर्स प्रमिला दोन वाजताच घरी गेली होती, म्हणून लोकांच्या हाती लागली नाही. तक्रार मात्र तिच्याच नावाने झाली. तिने खाटेला विटा लावून माणूस मारला, असं मयताच्या थोरल्या भावाने, बळीरामने, लिहून दिलं.

हे एक्क्याण्णवच्या फेब्रुवारीतलं. तपास हवालदार तुळशीराम कडू यांच्याकडे आला.

"कडू, परवा संध्याकाळपर्यंत जबाब पुरे करा," फौजदार म्हणाले. "मग त्या मुलीला आत घेऊ. गाव शांत झालं पाहिजे."

तुळशीरामची नोकरी अठ्ठावीस वर्षांची. एवढ्या काळात त्याने गावं शांत होताना पुष्कळ वेळा पाहिली होती, आणि दर वेळी त्यासाठी कुणीतरी गरीबच सापडलं होतं. तो "हो साहेब" म्हणाला आणि सायकल काढली. त्याचा स्वभाव आडनावासारखा, असं चौकीत सगळेच म्हणत, आणि त्याचं त्याला काही वाटत नसे.

२

"आधी मला एक सांगा," तुळशीराम डॉक्टरांना म्हणाला. "दवाखान्यात विटा कशाला लागतात?"

डॉक्टर सबनीस दमलेले होते. कपाळावर काच लागल्याची पट्टी होती. "मुंबईच्या हॉस्पिटलात दांडा फिरवला की खाट तिरकी होते. माझ्याकडे साध्या लोखंडी खाटा आहेत. म्हणून चार विटा, त्यांना कापडाची खोळ. एका बाजूच्या दोन पायांखाली दोन-दोन."

"त्याने काय होतं?"

"गेल्या महिन्यात एक बाळंतीण आणली होती वहाळ गावातून. रक्तस्राव इतका, की नाडी लागेना. पायथ्याशी विटा लावल्या, डोकं खाली घेतलं. पायांतलं रक्त काळजाकडे, मेंदूकडे येतं. रक्ताची बाटली येईपर्यंत बाई तगली. नवी पुस्तकं म्हणतात, याचा फायदा आपण समजतो तितका नसतो. असेल. मी ती बाई जगलेली पाहिली आहे. पाठीत इंजेक्शन देऊन ऑपरेशन केलं तरी आम्ही नंतर पेशंटला असंच ठेवतो, म्हणजे डोकं दुखत नाही. माझ्या वॉर्डात दहापैकी आठ खाटा पायथ्याशी उचललेल्या असतात."

"मग अंकुशला काय झालं?"

"तो स्लॅबवरून डोक्यावर पडला होता. आत मेंदूला सूज. झाकण घट्ट लावलेल्या डब्यात भात फुगावा तसं असतं ते. अशा माणसाचं डोकं वर ठेवायचं, म्हणजे रक्त खाली उतरतं आणि दाब कमी होतो. उलटं केलं तर दाब वाढतो. बेशुद्ध माणसाला उलटी झाली तर ती फुप्फुसात जाते, ते वेगळंच. मी खालच्या खोलीत त्याला तपासलं तेव्हा प्रमिलाला स्पष्ट सांगितलं होतं, डोक्याकडून उचला. सहाला मुंबईची अँब्युलन्स यायची होती. तोवर मी ऑपरेशनमध्ये अडकलो."

"म्हणजे वरच्या खोलीत तुम्ही त्याला पाहिलंच नाही?"

"पाच वाजता पाहिला. मेलेला." डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "त्याच्या तापाचा तक्ता उशीच्या मागून ओढून काढला आणि वेळ लिहिली. एवढंच माझ्या हातात राहिलं होतं."

तुळशीरामने ते टिपून घेतलं. "ती मुलगी कामाला कशी आहे?"

"चांगली आहे. म्हणूनच वाईट वाटतं. दिवसभर पायाखाली विटा लावून हाताला सवय होते, हवालदार. सवयीने हात चालला असणार."

३

प्रमिला मूळची पोलादपूरकडची, तेवीस वर्षांची. खोलीत एक ट्रंक, एक स्टोव्ह आणि भिंतीला टेकून ती. दोन दिवस तिने काही खाल्लेलं दिसत नव्हतं.

"काका, मी डोक्याकडेच लावल्या," ती म्हणाली. "पेशंट वर यायच्या आधी खाट तयार केली. मग त्याला घेतलं. उशी दिली, सलाईन लावलं, तक्ता पायथ्याच्या दांडीला अडकवला. सगळं केलं."

"कुणी पाहिलं?"

"मावशी होती. गंगाबाई."

"मग घाबरायचं काय?"

ती हळूच म्हणाली, "पहिल्या दिवशी मला खात्री होती. आता रात्रंदिवस तेच आठवतेय, आणि जितकं आठवावं तितकं पुसट होतंय. त्याच दिवशी सकाळी मी तीन खाटांच्या पायथ्याशी विटा लावल्या होत्या. मग चौथ्या खाटेलाही तेच केलं असेल का? सगळे म्हणतात पायाखाली होत्या. एवढी माणसं खोटं का बोलतील? काका, मी मारला का हो त्याला?"

तुळशीरामला तिच्या वयाची पोरगी होती. गुन्हेगार गुन्हा नाकारताना त्याने शेकडो वेळा पाहिले होते. पण न केलेला गुन्हा हळूहळू खरा वाटू लागलेलं माणूस तो पहिल्यांदाच बघत होता, आणि ते त्याला बघवेना. तिला कोर्टात उभं केलं तर ती स्वतःच कबूल करून मोकळी होईल, हे त्याला कळून चुकलं.

"आधी जेव," तो म्हणाला आणि उठला.

४

नेऱ्याला घरतांचं घर अर्धं जुनं, अर्धं नवं. नव्या भागावर ओला स्लॅब, त्यावर गोणपाटं. अंकुश पडला तो तिथूनच.

शेजाऱ्याने तुळशीरामला वाटेतच गाठलं होतं. दोघा भावांत जमिनीवरून दोन वर्षं अबोला होता. आणि अंकुश पडला तेव्हा स्लॅबवर दुसरं कोण होतं? बळीराम. शेजारी एवढंच बोलला आणि अर्थ लावायचं काम पोलिसांवर सोडून गेला.

बळीराम ओसरीवर बसला होता. पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा, डोकं भादरलेला.

"स्लॅबवर तू व्हतास?" तुळशीरामने सरळ विचारलं. तोही याच पट्ट्यातला, घरी बोलायची भाषा हीच.

"व्हतो. अबोला व्हता आमचा, तुमच्या कानावर आला असल. त्या दिशी सकाली मीच त्याच्या दारात गेलो. बोललो, चल, स्लॅबला पानी मारू. दोन वर्सांनी तो मना दादा बोलला." बळीरामने वर स्लॅबकडे बोट दाखवलं. "ओल्या गोणीवरून पाय सरकला त्याचा. माज्या हातात पाइप व्हता. मी पाइप टाकून हात दिला, पन नाय गावला."

"दवाखान्यात कोन कोन व्हता?"

"मी न ती, त्याची बायको. दुपारभर. मीच त्याला जिन्यावरून वर नेला, जीपच्या ड्रायव्हरसंगती. मीच बसलो जवल. नर्स दोनला गेली, मंग कोन फिरकला नाय. त्या बाईला सोडू नका, हवालदार. माज्या डोल्यांसमोर मारला तिनं त्याला."

आत अंधारात अंकुशची बायको भामा बसली होती. तिच्या कपाळावर कुंकू पुसल्याचा डाग अजून होता. तुळशीरामने दारातूनच दोन शब्द विचारले.

"त्या खोलीत पाय ठेवला न माज्या कालजात चर्र झाला," ती म्हणाली. "तवाच समजला, हिकडं काय बरा नाय."

"कशावरून?"

तिने पदर तोंडावर ओढला. सुतकातल्या बाईला जास्त छेडणं तुळशीरामच्या जिवावर आलं. तो निघाला. वाटेत सायकल हाणताना एकच हिशोब त्याच्या डोक्यात घोळत होता: दुपारी दोन ते पाच खोलीत बळीराम होता, आणि नव्वद किलोच्या माणसासकट खाटेची एक बाजू उचलून विटा काढून दुसरीकडे लावण्याइतकी ताकद त्याच्या खांद्यांत होती.

५

गंगाबाई दवाखान्यातली आया, पनवेल कोळीवाड्यातली. पोलीस म्हटल्यावर तिने हातातला झाडू बाजूला टाकला. त्या दिवशी दोन पाळ्या तिने सलग केल्या होत्या, आणि विटांना हात तिचाच लागला होता.

"इटा मी ठेवल्या," तिने सांगून टाकलं. "सिस्टर बोलली तिथं ठेवल्या. खाट रिकामी व्हती. डोका कुठं न पाय कुठं, ते आमाला काय समजनार?"

"कुठल्या बाजूला ठेवल्या, ते तर समजल?"

"दरवाज्याकडं."

"नक्की?"

"नक्की मंजे? झाडू मारताना मदी येतात न. आत शिरला की पयल्या त्याच."

तुळशीरामने श्वास घेतला. आता तो बळीरामवर यायच्या बेतात होता. "मग त्या तिथून हलवल्या कधी कुणी?"

"कोनी नाय."

"मावशी, नीट आठवा. सकाळी दरवाज्याकडे होत्या. माणूस मेला तेव्हा—"

"मानूस मेला, त्याला खाली नेला, मंग मीच इटा काढल्या," गंगाबाई वैतागून म्हणाली. "दरवाज्याकडच्याच. सकाली जिथं ठेवल्या तिथनंच उचलल्या. इटांना कोन हात लावल?"

तुळशीरामची पेन्सिल थांबली. प्रमिला म्हणते विटा डोक्याखाली. डॉक्टर म्हणतात पायाखाली. गंगाबाई म्हणते विटा जागच्या हलल्याच नाहीत. तिघांतलं एक तरी खोटं असायला हवं होतं, आणि तिघांपैकी एकाच्याही चेहऱ्यावर त्याला खोटं दिसलं नव्हतं.

६

खोली तशीच होती. खाट एकच, दोन्ही टोकांना सारखेच गज असलेली, त्यामुळे नुसत्या खाटेकडे बघून डोकं कुठलं आणि पाय कुठले सांगता येत नव्हतं. दाराशी ऑक्सिजनचं सिलिंडर. समोरच्या भिंतीत मोठी खिडकी.

त्याने चौकीतून शिपाई पाठवून प्रमिलाला एकच प्रश्न विचारला होता: तू गेलीस तेव्हा पेशंटचं डोकं कुठे होतं? उत्तर आलं होतं: दाराकडे, सिलिंडर दाराशी म्हणून. डॉक्टरांना त्याने स्वतः विचारलं. पाच वाजता डोकं कुठे होतं? डॉक्टर क्षणभर गोंधळले. "खिडकीकडे. का?"

विटा हलल्याच नव्हत्या. हलला होता माणूस.

आता तक्त्याचंही कोडं सुटलं. प्रमिलाने तक्ता पायथ्याला अडकवला होता, डॉक्टरांनी तो उशीमागून ओढला. तक्ता जागेवरच राहिला आणि उशी त्याच्यापाशी आली. बेशुद्ध माणसाला कुणीतरी अख्खाच्या अख्खा फिरवला होता. पण का? मारायचंच असेल तर उशी तोंडावर दाबणं सोपं. विटांचं शास्त्र बळीरामला कुठून माहीत असणार?

तुळशीरामने गंगाबाईकडून पुन्हा विटा लावून घेतल्या, टोपी काढली आणि सरळ खाटेवर आडवा झाला. डोकं दाराकडे, प्रमिलाने ठेवलं होतं तसं. डोकं उंच, छान वाटत होतं. पायाच्या अंगठ्यांच्या वर खिडकी, आणि खिडकीत, पळस्प्याच्या पलीकडे, उन्हात लख्ख उभा कर्नाळ्याचा सुळका.

तो थोडा वेळ तसाच पडला. मग त्याला कसंसंच वाटायला लागलं. का ते कळेना. तो उठला, उशी उचलली, फिरला आणि दुसऱ्या बाजूला डोकं करून पुन्हा आडवा झाला. आता डोकं खाली गेलं, रक्त कानांत भरलं, नाक चोंदलं. श्वास जड झाला. आणि त्याच क्षणी त्याच्या लक्षात आलं, की आपल्याला फिरायला कुणीही सांगितलं नव्हतं.

कर्नाळा पनवेलच्या दक्षिणेला. दक्षिणेकडे पाय करून घरात फक्त प्रेत ठेवतात. लहानपणी झोपेत जरी पाय तिकडे गेले तरी त्याची आई त्याला धरून फिरवायची. बावन्न वर्षांचा हवालदार, तपासावर असलेला, आणि त्याचं अंग त्याला न विचारता फिरलं होतं.

भामाच्या काळजात चर्र का झालं होतं, ते त्याला आता कळलं. तो खाटेवरून उठला तेव्हा गुन्हेगार सापडल्याचा आनंद त्याला जराही झाला नाही.

७

त्याने बळीरामला घराबाहेर, स्लॅबच्या सावलीत नेलं. उन्हं कलली होती.

"बळीराम, दुपारी तुमी त्याला फिरवलात."

बळीरामने मान वर केली. "हां. त्याचे पाय दक्षिनेला व्हते. ती बोलली, दादा, असा मुडदा ठेवतान, माजा मानूस जिता हाय. खरा व्हता तिचा. चादरीसकट धरला न फिरवला. सलाईनचा खांब हिकडचा तिकडं केला. का?"

"खाट उतरती व्हती, समजला नाय?"

"समजला. फिरवल्यावर वाटला, आता बरोबर झाला. बाजूच्या वार्डातल्या समद्या खाटी तशाच व्हत्या, पाय वर न डोका खाली. मना वाटला नर्सचाच चुकला व्हता. मंग डाक्टर बोलला तवा वाटला, त्याला इटाच नको व्हत्या, आता—"

तो बोलता बोलता थांबला.

तुळशीरामला पुढचं सांगावं लागलं नाही. पण त्याने सांगितलं, कारण अर्धवट कळलेलं माणसाला जास्त छळतं. विटा डोक्यासाठी होत्या. प्रमिलाने बरोबर लावल्या होत्या. फक्त त्या कशासाठी लावल्या ते खोलीतल्या माणसांना सांगायचं कुणाला सुचलं नाही, डॉक्टरला नाही आणि तिलाही नाही. "तो तसाही वाचला असता का, ते डॉक्टर सांगू शकत नाय," तो म्हणाला. हे खरं होतं. पण त्याचा उपयोग नव्हता.

बळीराम खाली बसला. दोन्ही हात त्याने गुडघ्यांवर उपडे ठेवले आणि त्यांच्याकडे बघत राहिला. रडला नाही. फक्त म्हणाला, "भामाला नका सांगू."

"जबाब लिहावा लागल. त्या पोरीला उद्या आत घेतील."

"लिहा न. मी फिरवला. एकट्यानं. ती भाईर गेलती, पानी आनाया."

"नव्वद किलोचा मानूस, बळीराम. चादर दोघांनी धरल्याशिवाय—"

"माजा भाव व्हता. उचलला मी." त्याने पहिल्यांदा तुळशीरामच्या डोळ्यांत पाहिलं. "ती आजून पंचवीस वर्सं जगल, हवालदार. कशी जगल?"

तुळशीरामने नोकरीत खोटे जबाब पकडले होते, फाडले होते, एकदा तर एकाच्या तोंडावर फेकला होता. हा त्याने स्वतःच्या हाताने, स्वच्छ अक्षरात लिहिला. कुणाचाही हेतू वाईट नव्हता, एकट्या बळीरामने भावाला फिरवलं, नर्सविरुद्धची तक्रार मागे. बळीरामने खाली अंगठा उठवला आणि शाई धोतराला पुसली.

दोघं ओसरीवर आले तेव्हा भामा दारात उभी होती. तिने त्या काळ्या अंगठ्याकडे पाहिलं.

"कशाला अंगठा दिलास, दादा?"

"तकरार मागं घेतली. नर्सची चूक नाय."

"मंग कोनाची?"

तुळशीरामने तोंड उघडलं, पण बळीरामने त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की त्याला ते मिटावंच लागलं.

भामा एक पायरी खाली उतरली. तीन दिवसांत ती पहिल्यांदा नीट उभी राहिली होती. "स्लॅबवर तूच व्हतास," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, ती एकेक गोष्ट जुळवत होती. "दोन वर्सं तोंड फिरवून बसलास, न त्याच दिशी दारात आलास. तो पडला तवा तू. तो मेला तवा तू. आन आता डाक्टरसंगती तुजा जमला. लोक बोलत व्हते ते मना खरा वाटत नव्हता. जमीन पायजे व्हती तुला. भावाला इकलास, दादा?"

शेजारच्या ओट्यांवर माणसं जमायला लागली होती. बळीराम भावजयीपुढे उभा होता, भादरलेलं डोकं खाली घालून. त्याला एका वाक्यात सुटता आलं असतं. ते वाक्य तुळशीरामच्या खिशातल्या जबाबातही नव्हतं, ते फक्त बळीरामला आणि तुळशीरामला ठाऊक होतं.

"हां," बळीराम म्हणाला. "इकला."

भामाने त्याच्या तोंडात मारली. त्याने हात वर केला नाही.